विसरभोळ्या पेटीचा बटण सेल

आजच्या गप्पा आहेत रुपयाच्या नाण्याएवढ्या एका वस्तूबद्दल. घड्याळवाला तिला बटण सेल म्हणतो, दुकानदार तिचा नंबर सांगतो, सीआर २०३२. आकडे कठीण वाटले तरी अर्थ सोपा आहे. सेल २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून २०३२. आधीच्या दोन अक्षरांपैकी पहिलं आतला मसाला कोणता ते सांगतं, म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड. दुसरं सांगतं की आकार गोल आहे. एवढ्याशा चकतीत ३ व्होल्ट असतात.

हा सेल हातघड्याळात नसला तरी वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत आणि संगणकाच्या पोटात असतो. आम्ही ज्याच्याबद्दल बोलणार आहोत तो मात्र उपग्रहाच्या जुन्या रिसीव्हरमध्ये बसलेला आहे. गच्चीवर आठ-दहा फुटांची जाळीची डिश आणि घरात लोखंडी पेटीसारखा रिसीव्हर, हे चित्र तुमच्यातल्या चाळिशीपुढच्या मैत्रिणींना आठवत असेल. आता प्रश्न असा की त्या पेटीला भिंतीतून वीज मिळते, मग तिच्या पोटात वेगळा सेल कशाला?

उत्तर एका शब्दात द्यायचं तर, लक्षात ठेवायला. आणि लक्षात ठेवण्याचा हा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून जास्त बायकांच्या हातून गेलेला आहे.

सुरुवात उपग्रहापासून नको, विणकामापासून करू. यंत्राने एखादी गोष्ट लक्षात ठेवावी यासाठी १९५०च्या दशकात मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या अशा चुंबकी कड्या वापरायला लागले. हजारो कड्या, त्यांच्यातून ओवलेल्या बारीक तारा आणि त्यांची चौकटीवर ताणलेली जाळी. एका दिशेने चुंबकत्व आलं की ‘हो’, उलट दिशेने आलं की ‘नाही’. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक कामाला लागला, तो टिफ्रॅक, त्याचीही स्मृती अशा फेराइट कड्यांचीच होती. या कड्यांचा मोठा गुण असा की वीज गेली तरी त्या काही विसरत नसत. चुंबकत्व तिथेच राहायचं.

चंद्रावर माणूस गेला त्या अपोलो यानांचा संगणकही असाच ओवलेला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉल्थम नावाचं गाव आहे. तिथल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून ही स्मृती हाताने विणत. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. त्यांच्यातल्या कितीतरी जणी आधी कापडाच्या किंवा घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या होत्या. टाका चुकला की गणित चुकलं, म्हणून एकेक तार तपासून घ्यायची. आपल्याकडे मोत्यांचं तोरण करणाऱ्या किंवा क्रोशाचा रुमाल विणणाऱ्या बाईला हे काम वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मग १९७० साली इंटेल कंपनीने स्मृतीची एक छोटी चिप बाजारात आणली आणि हळूहळू कड्या मागे पडल्या. चिप लहान, स्वस्त आणि वेगवान होती. पण तिच्यात एक खोट होती. वीज गेली की पाटी कोरी! कड्यांना जे फुकट जमत होतं ते चिपला जमेना. त्यावर तोड निघाली ती अशी : अगदी थोड्या विजेवर जगणारी चिप वापरायची आणि तिच्या शेजारी एक सेल बसवायचा. घरात वीज असेल तेव्हा चिप विजेवर चालेल, वीज गेली की सेल तिला जागं ठेवील. सुमारे दोन व्होल्ट मिळाले तरी अशी चिप आपली आठवण धरून ठेवते. १९७०च्या दशकात जपानमधल्या सान्यो कंपनीने लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडचे सेल बाजारात आणले आणि या कामाला जणू नेमका माणूस सापडला. हा सेल फार वीज देऊ शकत नाही, पण थोडी थोडी वीज वर्षानुवर्षं देतो. नुसता ठेवला तर वर्षाला साधारण एक टक्काच झिजतो.

हिशोब करून बघू. सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास इतका साठा असतो. चिप झोपेत असताना समजा दोन मायक्रोअँपिअर पिते, म्हणजे एका मिलिअँपिअरचा पाचशेवा भाग. तर साठा पुरेल १ लाख १० हजार तास. वर्षांत सांगायचं तर साडेबारा वर्षं. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल वर्ष-दीड वर्षात संपतो, त्याच्या तुलनेत हा फारच काटकसरी म्हणायचा.

इथे एक गंमत लक्षात घ्या. यंत्र वापरात असेल तर चिप भिंतीतली वीज खाते आणि सेल आराम करतो. यंत्र बंद करून माळ्यावर टाकलं की सगळा भार सेलवर येतो. म्हणून रोज चालणारी पेटी जास्त वर्षं लक्षात ठेवते आणि जपून बांधून ठेवलेली पेटी लवकर विसरते. आमच्या एका मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “माणसाचं तरी काय वेगळं आहे गं?”

आता आकाशाकडे वळू. आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली एका मासिकात लेख लिहिला. पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल आणि आपल्याला एकाच जागी उभा दिसेल, असं त्याचं म्हणणं होतं. तसे तीन उपग्रह असले की जवळजवळ सगळ्या जगाला निरोप पोहोचवता येईल. तेव्हा एकही उपग्रह आकाशात नव्हता. पुढे वीस वर्षांच्या आत असे उपग्रह खरोखर वर गेले. आपल्या महाराष्ट्राचा त्यात वाटा आला तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी गावी. तिथे उपग्रहाशी बोलणारं भूकेंद्र उभं राहिलं आणि त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. परदेशातले फोन त्या प्रचंड तबकडीतून येऊ-जाऊ लागले. द्राक्षं आणि टोमॅटोच्या त्या पट्ट्यातून जाताना लोक एसटीच्या खिडकीतून ती तबकडी दाखवत.

साराभाईंचं स्वप्न मात्र फोनपुरतं नव्हतं. त्यांना उपग्रह थेट खेड्यात आणायचा होता. त्यासाठी १९६९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेशी करार झाला. साराभाई डिसेंबर १९७१मध्ये गेले, पण काम थांबलं नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा एक वर्षाचा प्रयोग झाला, त्याचं नाव ‘साइट’. नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह सरकवून भारताला दिसेल अशा जागी आणला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसवले गेले. प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा एकनाथ वसंत चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती.

त्या संचांची डिश कशाची होती ठाऊक आहे? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची! दहा फूट रुंद, हलकी आणि गावातच जोडता येईल अशी. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य आणि कुटुंब नियोजन. शाळेसमोर किंवा पंचायतीसमोर गाव जमायचं. एक वर्ष झालं, करार संपला आणि उपग्रह परत पश्चिमेकडे निघून गेला. जाळीची डिश तीच, संच तोच, पण वरून बोलणारं कोणी उरलं नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. यंत्र नीट असणं हा अर्धाच भाग झाला. ते कोणाकडे तोंड करून उभं आहे, कोणत्या आकड्यावर ऐकतं, ही माहिती त्याच्याइतकीच महत्त्वाची असते.

पुढे ऑगस्ट १९८३मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला आणि त्याच्या जोरावर देशभर छोटी दूरदर्शन केंद्रं उभी राहिली. आकाशवाणीच्या केंद्रांनाही उपग्रहावरून कार्यक्रम मिळू लागले. या सगळ्या केंद्रांत रिसीव्हर होते, आणि ते सांभाळायला पगारी इंजिनिअर होते. सामान्य माणसाच्या घरात रिसीव्हर यायला १९९० उजाडावं लागलं.

त्याची कहाणी मोठी मजेशीर आहे. फेब्रुवारी १९८४मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून वेस्टार-६ नावाचा उपग्रह सोडला. तो भलत्याच कक्षेत अडकला आणि निरुपयोगी झाला. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातून पाच जण तो परत आणायला गेले. दोघे अंतराळवीर बाहेर उपग्रहाशी झटापट करत असताना यानाचा लांब यांत्रिक हात आतून चालवत होत्या अॅना फिशर. त्या डॉक्टर, आणि घरी सव्वा वर्षाची मुलगी. मूल झाल्यावर अंतराळात गेलेली जगातली पहिली आई म्हणून त्यांची नोंद आहे. उपग्रह पृथ्वीवर आला, त्याची डागडुजी झाली, तो विकला गेला आणि एप्रिल १९९०मध्ये चीनच्या रॉकेटवरून पुन्हा वर गेला. आता त्याचं नाव होतं एशियासॅट-१.

याच उपग्रहावरून १९९१ साली स्टार टीव्ही सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही. म्हणजे तुम्ही-आम्ही दूरदर्शनशिवाय पहिल्यांदा जे पाहिलं, ते एका आईने आकाशातून उचलून आणलेल्या, दुरुस्त केलेल्या जुन्या उपग्रहावरून पाहिलं. नवीन ते सगळं चांगलं आणि दुरुस्त केलेलं ते दुय्यम, असं मानणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

त्याआधी जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्ध सुरू झालं आणि मोठ्या हॉटेलांतून लोकांनी सीएनएनवर युद्ध थेट पाहिलं. शहरात व्हिडिओ कॅसेट लावून गल्लीत तार फिरवणारे केबलवाले होतेच. त्यांनी गच्चीवर डिश बसवली आणि रिसीव्हर विकत घेतले. बघता बघता धंदा तालुक्याच्या गावापर्यंत आला. १९९५ साली केबलसाठी कायदाही झाला.

सुरुवातीचे रिसीव्हर रेडिओसारखे होते, बटण फिरवून चित्र लावायचं. पुढचे जरा हुशार आले. कोणतं चॅनेल कोणत्या आकड्यावर, लहर उभी की आडवी, आवाज कोणत्या ठिकाणी, हे सगळं ते लक्षात ठेवू लागले. काही परदेशी रिसीव्हर तर मोटरने डिश फिरवत आणि कोणता उपग्रह कोणत्या कोनात आहे तेही साठवत. हे साठवलं जायचं त्या विसरभोळ्या चिपमध्ये आणि तिला जागं ठेवायचा आपला बटण सेल. महाराष्ट्रात गावोगाव भारनियमन होतं ते दिवस आठवा. दिवसातून तासन्‌तास वीज नाही. सेल नसता तर केबलवाल्याला प्रत्येक वेळी वीज आल्यावर सगळी चॅनेलं पहिल्यापासून लावावी लागली असती.

आमच्या केंद्रात अशीच एक पेटी आहे. तालुक्याच्या एका जुन्या केबल व्यावसायिक कुटुंबाने ती आमच्या तांत्रिक वर्गासाठी दिली. तिच्यातली जुन्या पद्धतीची चॅनेलं कधीच बंद झाली, त्यामुळे आता तिच्यावर काही दिसत नाही. मग ती ठेवायची कशाला, असं वाटेल. पेटी आणून दिली तेव्हा काकू आणि काका दोघंही आले होते. काकू म्हणाल्या, “अहो, पेटी यांच्या नावावर, पण ती लावायचे मी. हे दिवसभर खांबावर नाहीतर वसुलीला. घरी चित्र गेलं की गल्लीतल्या बायका माझ्याच नावाने हाका मारायच्या.” आकडे टिपलेली त्यांची वही पुढे घर बदलताना हरवली. म्हणजे त्या गावात पहिल्या दिवसांत काय काय दिसत होतं, याची उरलेली नोंद फक्त त्या चिपमध्ये होती. आणि तिला जागं ठेवणारा सेल म्हातारा झाला होता.

झाकण उघडलं तर आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली. त्यावर काकूंच्या अक्षरात सेल बदलल्याच्या तारखा : १९९६, २००३, २०११. मीटर लावला तर सेलवर २.४ व्होल्ट. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर असतो. अडीचच्या खाली गेला की भरवसा संपला. आमच्या वर्गातल्या एकीने विचारलं, “काका, सेल काढला की हे सगळं जाईल का हो?” काका म्हणाले, “जाईल तर. पेटीला काय माया असते होय?”

म्हणून पहिलं काम सेल काढणं नव्हतंच. पेटीला टीव्ही जोडला, एकेक चॅनेल क्रमाने लावलं आणि पडद्यावर दिसेल तो आकडा वहीत उतरवला. एकीने वाचायचं, दुसरीने लिहायचं, तिसरीने पुन्हा वाचून ताळा करायचा. दोन दुपारी गेल्या. काकू शेजारी बसून सांगत होत्या, हा आकडा अमक्या वाहिनीचा, यावर क्रिकेट यायचं, यावर पावसाळ्यात मुंग्या यायच्या. पेटीच्या स्मृतीत नुसते आकडे होते, त्यांचा अर्थ काकूंच्या स्मृतीत होता. दोन्ही एका वहीत आलं, तेव्हा कुठे तो इतिहास झाला.

त्यानंतर सेल. ज्यांच्या घरी असं जुनं यंत्र आहे त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. पेटीचा प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, म्हणून निदान पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि त्या भागाला हात लावायचा नाही. ज्याला हे काम येतं असा माणूस किंवा अशी बाई सोबत हवीच. मग सेल कोणत्या जातीचा आहे ते बघायचं, कारण इथेच धोका असतो. पेटीत लिथियमचा बटण सेल असेल तर त्या जागी चार्ज होणारा सेल बसवायचा नाही. आणि पेटीत चार्ज होणारा निकेल-कॅडमियम सेल असेल तर त्या जागी साधा लिथियम बसवायचा नाही. ज्याला चार्ज करायचं नाही त्याला पेटी चार्ज करत राहिली तर तो तापून फुटू शकतो.

सेल खोबणीत असेल तर काम सोपं. अधिकचं चिन्ह कोणत्या बाजूला ते लिहून ठेवायचं, जुना काढायचा, नवा कोरड्या फडक्याने धरून बसवायचा. सेल बोर्डाला सोल्डर केलेला असेल तर पाय जोडलेलाच सेल विकत आणायचा. बटण सेलवर थेट तापलेली सोल्डरिंग गन टेकवायची नाही, उष्णतेने तो बिघडतो किंवा फुटतो.

निकेल-कॅडमियमच्या सेलची आणखी एक खोड आहे. जुना झाला की तो पाझरतो. बोर्डावर हिरवट-पांढरी पावडर दिसते, तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात. ते द्रव्य क्षारधर्मी असतं, म्हणून कापसाला पातळ केलेलं व्हिनेगर लावून पुसायचं, नंतर स्पिरिटने स्वच्छ करायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. हातात मोजे घालायचे. पुष्कळ जुनी यंत्रं मरतात ती वयाने नाही, वेळेवर न काढलेल्या सेलने.

काकूंच्या पट्टीवर आता चौथी तारीख आहे. काकूंनीच ती लिहिली.

या इतिहासातली शेवटची गंमत आकाशातली. खुद्द उपग्रहालाही सेलची गरज असते. तो उन्हावर, म्हणजे सौरपंख्यांवर चालतो. पण वर्षातून दोनदा, दिवस-रात्र समान असतात त्या मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, तो रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो. हा काळ दर वेळी सुमारे ४५ दिवसांचा आणि सावली जास्तीत जास्त सव्वा तासाच्या आतबाहेर. तेवढा वेळ उपग्रह आपल्या बॅटरीवर जगतो. म्हणजे ३६ हजार किलोमीटर वरही भारनियमन आहे आणि तिथेही कोणीतरी आधीच तरतूद करून ठेवलेली आहे. मात्र तिथली बॅटरी बदलायला कोणी जाऊ शकत नाही. ती थकली की उपग्रहाच्या निवृत्तीचे दिवस मोजायला लागतात.

मग आताच्या पेट्यांचं काय? टोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश नावाची स्मृती शोधून काढली. ती वीज गेली तरी विसरत नाही, कड्यांसारखीच. आपल्या मोबाइलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये तीच असते. डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली, तोवर घरगुती रिसीव्हर लहान आणि स्वस्त झाले होते. वाहिन्यांची यादी फ्लॅशमध्ये राहू लागली आणि बटण सेलची गरज बहुतेक पेट्यांतून संपली.

पण स्मृती पक्की झाली म्हणून सगळं टिकलं असं नाही. वर्ल्डस्पेस नावाची उपग्रह रेडिओची सेवा भारतात आली होती. गाणी ऐकायला लोकांनी हौसेने खास रिसीव्हर घेतले, वर्गणी भरली. कंपनी बुडाली आणि ३१ डिसेंबर २००९ला भारतातली सेवा बंद पडली. रिसीव्हर धडधाकट होते, काही विसरलेही नव्हते, पण ऐकायला काही उरलं नाही. १९७६ साली त्या २४०० गावांचं झालं होतं तेच, फरक एवढाच की तेव्हा शेवटची तारीख आधी ठरलेली होती.

म्हणून सामुदायिक रेडिओ चालवणाऱ्या आम्हा बायकांना हा इतिहास जवळचा वाटतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली. २००८ साली तेव्हाच्या आंध्रात दलित शेतकरी स्त्रियांचा संघम रेडिओ सुरू झाला आणि त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग. आमच्या लहरी उपग्रहापर्यंत जात नाहीत, दहा-पंधरा किलोमीटरवर विरतात. पण त्या कोणी मागे घेऊन पश्चिमेकडे नेऊ शकत नाही. यंत्र आमच्या खोलीत आहे, ते उघडता येतं आणि उघडायला आम्ही शिकलो आहोत.

आता दोन गोष्टी, ज्या आज रात्रीच करायच्या आहेत.

पहिली सर्वांत महत्त्वाची. घरात लहान मूल असेल तर बटण सेल कुठे कुठे आहेत ते शोधा. रिमोट, खेळणी, वजनकाटा, गाणारं शुभेच्छापत्र. मुलाने सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर लाळेमुळे त्यातून वीज वाहू लागते, तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांतसुद्धा आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. वापरून संपलेला सेलही हे करू शकतो, कारण यंत्राला पुरणार नाही एवढी वीज इजेला पुरते. मूल एकदम लाळ गाळू लागलं, खोकू लागलं, गिळायला रडू लागलं तर साधी सर्दी समजून थांबू नका. उलटी करवू नका, केळं-भाकरी खाऊ घालू नका. जिथे एक्स-रे होतो अशा दवाखान्यात तातडीने न्या, गाडी नसेल तर १०८ला फोन करा, आणि सेलचं रिकामं पाकीट सापडलं तर सोबत घ्या. नवे सेल कुलपात, आणि जुने काढल्या काढल्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून डब्यात. चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे, म्हणून दुकानदाराला विचारा, तो परत घेतो का.

दुसरी गोष्ट वहीची. तुमच्या घरी जे जे यंत्र काही लक्षात ठेवतं, त्यातलं कागदावर उतरवा. मोबाइलमधले दहा महत्त्वाचे नंबर, पंपाच्या टायमरची वेळ, डिश लावताना मिस्त्रीने सांगितलेले आकडे, गॅसचा ग्राहक क्रमांक. खाली तारीख घाला आणि लिहिणारीचं नाव घाला. नाव जरूर घाला. वॉल्थमच्या कारखान्यातल्या त्या विणणाऱ्या बायकांची मेहनत चंद्रापर्यंत गेली, पण त्यांच्यातल्या बहुतेकींची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

पुढच्या वेळी भेटू. तोवर वही काढा, आणि लिहिलेलं एखादं पान आमच्याकडे पाठवायलाही विसरू नका.